वाटाड्याची पावलं

दाबली की पाऊल पडत होतं. मुठीएवढी चामड्याची पिशवी, तोंडाशी सुतळीनं आवळलेली... बेसमेंटमधल्या खोक्यातून नेत्रानं ती बाजूला ठेवायला म्हणून उचलली, जरा घट्ट धरली, आणि — कर्र. तिनं मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा दाबली. कर्र. कोरड्या, दाट बर्फावर जड बूट टेकावा तसं. इथे, हर्नडनला, दुपारपर्यंत चिखल होणाऱ्या बर्फाचा हा आवाज नव्हे. हा तिकडचा, अलास्काच्या पार वरच्या टोकाचा, जिथे समुद्रच गोठतो आणि माणसं त्याच्यावरून चालत जातात. हा आवाज ती अकरा वर्षांची असल्यापासून ओळखत होती. झोपेतही ओळखला असता.

ती खाली आली होती कॅसेट शोधायला. संध्याकाळी मराठी मंडळाची शोकसभा होती बाबांसाठी, आणि ‘ती पावलं नक्की ऐकवू या, नेत्राताई’ असं सगळ्यांनीच म्हटलं होतं. मोबाईलवर ते रेकॉर्डिंग होतंच, पण मूळ कॅसेट टेबलावर, हाराच्या बाजूला ठेवायची असं तिनं ठरवलं होतं. पांढऱ्या अस्वलांवरच्या फिल्मसाठी बाबा, म्हणजे साउंड रेकॉर्डिस्ट जगन्नाथ, आर्क्टिकला निघाले तेव्हा याच मंडळानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं. ‘ध्रुवावर पाऊल ठेवणारा आपला माणूस’ असं कुणीतरी माईकवर म्हणालं, ते ठिकाण ध्रुवापासून पुष्कळ अलीकडे आहे हे बाबांनी दोनदा सांगूनही. नारळ कुठे फोडायचा, बर्फावर का, असा विनोद झाला होता. आई पहिल्या रांगेत बसून हसली होती, डोक्याला रुमाल बांधून — केस तेव्हा नुकतेच गेले होते.

मग बाबांची तिकडून कॅसेट आली. ‘नेत्रे, ऐक, आर्क्टिकवर चालतोय तुझा बाप.’ आणि बोलणं थांबून नुसती पावलं... आणि त्यांच्या मागून आणखी एक पाऊल, हलकं, जरा मागे रेंगाळणारं. फोनवर तिनं विचारलं होतं, बाबा, मागून कोण चालतंय? ‘इथला वाटाड्या आहे,’ ते म्हणाले होते. ‘त्याच्याशिवाय इथे वाट सापडत नाही.’

फोन वाजला. देवांगकाका. बाबांचे स्टुडिओतले जुने सोबती, आज हॉलमधले स्पीकर तेच बघणार होते.

“ऑडिओ पाठव गं लवकर, चेक करून ठेवतो. त्या हॉलचा माईक म्हणजे आपल्या मंडळाचा सेक्रेटरी, नको तिथे ओरडतो.”

“पाठवते. काका, इथे एक चामड्याची पिशवी सापडलीये, दाबली की...”

“कर्र!” काका खळखळून हसले. “आहे अजून? जपून ठेव बाई. कॉर्नस्टार्च आहे आत. त्या एवढ्याशा पिशवीतून अख्खा आर्क्टिक काढला जग्यानं. म्हणायचा, तिकडचा बर्फ ऐकेल तर लाजेल.”

“तिकडून परत आल्यावर?”

“तिकडून कुठून? आयत्या वेळी बजेट कापलं ना, कॅमेरावाले तेवढे गेले. आम्ही इथेच, मेरीलँडला, स्टुडिओत...” काका थांबले. “नेत्रा? तुला माहीत होतं ना? सत्कार झाला, आता कुठल्या तोंडानं परत जाऊ म्हणत तिथेच सोफ्यावर राहिला होता तो. मी इतकी वर्षं धरूनच चाललोय की त्यानं तुला...”

“हो. माहीत होतं,” ती म्हणाली.

मेरीलँड. नदीपलीकडे, गाडीनं तासभर. ती पायरीवर बसली. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये शेजारच्या प्रतिमामावशी होत्या आणि ती होती, आणि तिनं रडून रडून विचारलं होतं, बाबा का येत नाहीत, आणि मावशी म्हणाल्या होत्या, वादळ आहे गं तिकडे, विमानं उडत नाहीयेत. मग तिनं वादळाला शिव्या दिल्या होत्या. माणसावर रागावता येतं. वादळावर किती दिवस रागावणार... तिनं बाबांना माफ केलं होतं ते त्या वादळाच्या भरवशावर. दोन दिवसांनी ते आले. एप्रिल होता, दारासमोरचा डॉगवुड फुललेला, आणि बाबा फर लावलेल्या जाड जॅकेटमध्ये घामानं निथळत दारात उभे होते, ते जॅकेट किती वेळ काढलंच नाही त्यांनी, आणि तिला, मूर्ख मुलीला, वाटलं होतं की थंडी अंगात शिरलीये त्यांच्या. तासाभरात येऊ शकत होते. पण आर्क्टिकवरून तासाभरात कसं येणार? दोन दिवस लागायलाच हवे होते. म्हणून लावले. म्हणजे ते दोन दिवस, ती आईचा स्वेटर उशाशी घेऊन झोपली ते दोन दिवस, बाबा सोफ्यावर बसून विमानं उडायची वाट बघत होते — जी कुठेच अडकलेली नव्हती.

“हुश्श,” काका म्हणत होते, “क्षणभर घाबरलो मी. अगं, पहिल्यांदा काय झालं माहितीये? त्यानं वहिनींना सांगितलं कॉर्नफ्लॉवर आण. आपल्याकडे त्यालाच म्हणतात ना! इथे दुकानात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळालं ते पिवळं पीठ, मक्याच्या भाकरीचं. भरलं पिशवीत. वाजेचना! वहिनी म्हणाल्या, उन्हाळा आलाय तुमच्या आर्क्टिकला. इतकं हसलो आम्ही...”

“आई यायची तिथे?”

“दर गुरुवारी. प्रतिमा आणून सोडायची. बसून दमायच्या, पण मला द्या म्हणायच्या एक पिशवी. कॅसेटवर मागून येतात ना पावलं? त्या वहिनी.”

फोन कधी ठेवला ते तिला आठवलं नाही. गुरुवार म्हणजे ट्रीटमेंट, असं घरात सांगितलेलं होतं. शाळेतून यावं तर आई पलंगावर गळून पडलेली, पण गालांवर रंग, आणि एकदा निळ्या स्वेटरच्या बाहीला पांढरी भुकटी... नेत्रानं ती स्वतःच्या हातानं झटकली होती. हॉस्पिटलमधली पावडर आहे, आई म्हणाली होती. किती सहज म्हणाली होती.

आतापर्यंत तिला निदान एवढं तरी वाटत होतं की फसवली गेली ती आई, आणि आईच्या वतीनं रागवायचा हक्क आपला. तोही नव्हता. आई होती तिथे. सगळे होते — काका, मावशी. पीठ सांडत, हसत, सगळे मिळून त्या बंद खोलीत बर्फावरून चालले होते, आणि ज्याच्यासाठी चालले होते ते एक पोर इकडे नकाशावर बोट ठेवून बसलं होतं. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी हसले नसते? मला एक पिशवी दिली नसती?

“आई, व्हॉट आर यू डुइंग?” रुही जिन्यावर उभी होती. काकांना पाठवण्यासाठी उघडलेला ऑडिओ नेत्राच्या बोटाखाली सुरू झाला होता.

“इज दॅट आजोबा?”

“हो.”

“अँड हू इज बिहाइंड हिम?”

वाटाड्या, हे उत्तर जिभेवर तयार होतं, इतक्या वर्षांचं, गुळगुळीत झालेलं. नेत्रानं तोंड उघडलं आणि तिला दिसलं की हे सांगणं किती सोपं असतं, मूल समोर उभं राहून विचारत असलं की... आणि त्या सोपेपणाचाच तिला भयंकर राग आला.

“थांब,” ती म्हणाली. “ऐकू दे.”

बाबांचं पाऊल. मग ते हलकं. मध्ये जरा जास्त थांबलेलं, दम घेतल्यासारखं, मग पुन्हा. संध्याकाळी हॉलभर हेच वाजणार, किंवा नाही वाजणार. सेक्रेटरीचा मेसेज येऊन पडला होता, तिनं उघडला नाही. मुठीत पिशवी होती. तिनं त्या हलक्या पावलाच्या मागोमाग ती दाबली — उशीर झाला. पुन्हा दाबली. पुन्हा उशीर. प्रत्येक वेळी अर्धं पाऊल मागे; आणि रुही बघत होती, तरी तिचा हात थांबेना.