एक बाई, दोन ओळी

कमलाकांत पिंपळखुट्यांचा तक्ता बघायचा तर आधी दोन टेबलं जोडून घ्यावी लागत. मुलींच्या अकरा शाळा चालवणाऱ्या अमरावतीच्या एका मंडळात ते कारकून होते, आणि १९४९ साली हा तक्ता त्यांनीच आखला होता. डावीकडे शिक्षकांची नावं एकाखाली एक, वर आडवी सालं, आणि प्रत्येक सालाखाली शाळा नि वर्ग. नवं साल आलं की उजवीकडे खळ लावून नवा कागद चिकटवायचा, नवा शिक्षक आला की खाली. असं करता करता १९६३ उजाडलं आणि तक्ता लग्नातल्या सतरंजीएवढा झाला. पंख्याखाली तो उघडायची सोय नाही. जवळ उभं राहून कुणी शिंकलं तरी पिंपळखुटे खेकसायचे. पण अभिमान म्हणाल तर विचारू नका!

त्या जूनमध्ये तिवशाला मंडळाची नवी शाळा निघायची होती. तिथल्या मुख्याध्यापिकेनं मंडळात सलग दहा वर्षं शिकवलेलं असावं, असा नियम. भातकुलीच्या शैला इंगोल्यांनी अर्ज केला, आणि अर्जामागोमाग त्या स्वतःच कचेरीत येऊन उभ्या राहिल्या.

पिंपळखुट्यांनी तक्त्यावर पट्टी ठेवली आणि बोट सरकवत नेलं.

"आठच वर्षं भरतात, बाई. पंचावन्नपासून."

"पन्नासपासून आहो मी, भाऊ. तवा गोदावरी गावंडे होती. पहा ना तुमच्या तक्त्यात."

पाहिलं. सत्तेचाळिसावी ओळ. गोदावरी सूर्यभान गावंडे, पाच सालं भरलेली, पुढे सगळं कोरं.

"या तर पंचावन्नला बंद झाल्या."

"बंद नाही झाली, माझं लगन झालं! सासरी नाव बदललं."

"असेल, बाई. पण तक्त्यात तसं नाही."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "तेरा वर्षं एकाच वर्गात उभी आहो मी. पाच वर्षं तेथी काय दुसरीच कोणी उभी होती?" एवढं बोलून त्या तरातरा निघून गेल्या.

पिंपळखुट्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. तक्ता चुकत नाही, हे त्यांच्या लेखी ठरलेलं होतं. पण तक्ता अडला तो दुसऱ्याच कारणानं. मंडळाचे चिटणीस खुशालराव यांना शाळावार यादी हवी होती, कुठल्या शाळेत कुठल्या साली कोण होतं त्याची. आणि तक्ता माणसावार. पट्टी वर-खाली करता करता पिंपळखुट्यांच्या नाकी नऊ आले. वर शाळा मोजाव्या तर अकराच्या एकोणीस! त्यांनीच कधी "राजापेठ" लिहिलेलं, कधी "कन्या राजापेठ", कधी "राजापेठ मुलींची". स्वतःलाच दोन शिव्या घालून त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला.

मग त्यांनी वेगळंच आरंभलं. एका शिक्षकाचं एक साल, त्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नाहीच. शिक्षकाचा नंबर, शाळेचा नंबर, साल, वर्ग, बस. नावं दोन छोट्या वह्यांत, एक शिक्षकांची, एक शाळांची, आणि तिथे प्रत्येक नंबर एकदाच. शिक्षकाचा नंबर म्हणून तक्त्यातल्या ओळीचा आकडा घेतला. आठ दिवसांत नऊशे चिठ्ठ्या झाल्या. आता यादी हवी तशी करा. चिठ्ठ्या शाळावार लावा, सालावार लावा, पत्ते पिसावे तितकं सोपं.

भातकुलीचा गठ्ठा लावताना त्यांचा हात थांबला. वर्ग तिसरा: पाच सालं सत्तेचाळीस नंबर, पुढची आठ सालं एकशे अठरा. मधे एका सालाची फट नाही. तक्त्यात या दोन ओळींच्या मधे सत्तर नावं होती, म्हणून त्या कधी शेजारी आल्याच नव्हत्या. एकशे अठराव्या ओळीपुढे शेरा होता, "नवीन". अक्षर पिंपळखुट्यांचंच. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी बाकीचे गठ्ठेही तसेच तपासले. असे आणखी नऊ जोड निघाले. नऊही बायकांचे.

शिक्षकांच्या वहीत त्यांनी दोन रकाने वाढवले, "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत". मग सत्तेचाळीस नंबरला दोन ओळी दिल्या, एक गोदावरीची, एक शैलाची, आणि वही खुशालरावांपुढे ठेवली.

"एका बाईले दोन ओळी कायले?" खुशालरावांनी विचारलं.

"नंबर एकच आहे, साहेब. नाव तेवढं बदललं."

"तुमच्या चिठ्ठ्यांवर मी तिवसा देऊ काय? सही जुळवून दाखवा."

भातकुलीहून बावन्न सालचं हजेरीपत्रक आलं. बाईंना बोलावलं. खुशालरावांनी कोरा कागद पुढे केला आणि जुन्या नावानं सही करायला सांगितलं.

बाईंनी टाक उचलला आणि "शै" लिहून बसल्या. ते खोडलं. मग सावकाश, फळ्यावर पोरींना कित्ता घालून द्यावा तसं, टपोरं लिहिलं. हजेरीपत्रकातली सही तर एका फटकाऱ्याची, तिरपी.

"जुळत नाही," खुशालराव म्हणाले.

बाईंच्या कपाळावर घाम आला. पिंपळखुट्यांना राहवलं नाही. "बाई, आठवून नका लिहू. घंटा झाली, पोरी वर्गात गोंधळ घालून राहिल्या, तुम्हाला उशीर झाला. करा सही!"

टाक सर्रकन फिरला. खुशालरावांनी दोन्ही कागद शेजारी धरले, उजेडाकडे नेले, पुन्हा खाली ठेवले.

"तेरा वर्षं लिहा," ते म्हणाले. "अन् तिवशाचा हुकूम शैला इंगोले या नावानं काढा."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "भाऊ, तो सहीचा कागद मी नेऊ काय?"

"नाही, बाई. तो फाइलला लागतो."

बाईंनी टेबलावरची एक कोरी चिठ्ठी ओढली, तीच सही पुन्हा एकदा केली, फुंकर घालून शाई वाळवली आणि चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

"ही कशाला?" पिंपळखुट्यांनी विचारलं.

"ते फाइलीले लागते," बाई म्हणाल्या, "हे मले."