गार पडलेली पुडी

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने मत्सरी आहे. नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे.

आयोवातल्या आमच्या छोट्या रेल्वेवर एका टोकाला मक्याची गिरणी आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या रेल्वेचे रूळ. या दोन टोकांमध्ये मालाचे डबे मी ओढायचो. माझा चालक वर्लिन रोज सकाळी माझ्या बाजूचे झाकण उघडून, चांदीच्या कागदात गुंडाळलेली मांस-बटाट्याची पुडी माझ्या गरम नळीवर ठेवी. दुपारी ती वाफाळत निघे. "असा स्वयंपाक माझ्या बायकोलाही जमणार नाही," तो म्हणे. मला किती बरे वाटायचे!

मग ते निळे इंजिन आले. पुडी त्याच्याकडे गेली. मी शेडमध्ये गंजत उभा राहिलो आणि त्याच्या पोटात बिघाड व्हावा म्हणून रोज देवाला साकडे घालू लागलो. मालक खेरिटने मला भंगारवाल्याला देऊन टाकले होते. शनिवारी तो न्यायला येणार होता.

गुरुवारी सकाळी थंडी कडाक्याची होती. वर्लिन बोलत बोलत आला, सवयीने माझे झाकण उघडले, पुडी ठेवली आणि निळ्यावर चढून निघून गेला! दिवसभर मी ती छातीशी धरून बसलो, पण ऊब कुठून आणणार?

दुपारी वर्लिन आणि डबे जोडणारी मार्लिस पुडी शोधत परतले. मार्लिस पुडी दाबून हसली.

"अहो, ही तर वीट झाली! म्हातारं बंद आहे हेही विसरलात?"

"हाताची सवय गं, पोरी," वर्लिन ओशाळला.

"मग खा त्याच्यावरच गरम करून! ओढा त्या तारा इकडे."

माझी बॅटरी कधीच उतरली होती आणि तारा निळ्याच्याच बॅटरीच्या होत्या. ज्याचा मी हेवा केला, त्याचीच वीज घ्यावी लागली. लाजेने मेलो, पण खोकत खोकत सुरू झालो.

आवाज ऐकून खेरिट धावत आला. "अरे, हे चालतंय? आणि मी मक्याच्या हंगामाला दुसरं इंजिन भाड्याने बघतोय! भंगारवाल्याला फोन करा, म्हणावं येऊ नकोस."

मित्रांनो, जुन्या यंत्राला नुसते पुसून ठेवू नका. अधूनमधून सुरू करा, काम सांगा. आम्हाला तेवढे पुरते.

वर्लिन आता पुडी कधी माझ्यावर ठेवतो, कधी निळ्यावर. निळ्यावर ठेवली, की ती करपावी अशी प्रार्थना मी आजही करतो.