उजवा पाय

पाण्याच्या टँकरचा भोंगा ऐकून नीरजा पाइप खांद्यावर टाकून भराभरा जिना उतरली, तेव्हा मनकर्णाबाई कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीआड उभ्या होत्या. मेथीची जुडी त्यांच्या हातातच राहिली. सकाळी लेकासमोर, वैजनाथसमोर, सुनेनं हाच उजवा पाय फरशीवरून ओढत नेला होता.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यांना आठवडाभर जाणवत होतं.

फर्दापूरजवळच्या शेतातल्या विहिरीनं तळ दाखवला होता. तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्या सुनेच्या ऑपरेशनला शहरात, गारखेड्यातल्या लेकाच्या घरी आल्या. नीरजाच्या ओटीपोटातल्या गाठी पायाच्या नसेला चिकटल्या होत्या. पाळी आली की कमरेपासून घोट्यापर्यंत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी गाठी सोडवल्या, पायातलं बळ हळूहळू परत येईल म्हणाले. टाके सुकले, व्यायाम सुरू झाला; बळ मात्र काही येईना.

"आई, जरा लक्ष ठेव," वैजनाथ कामावर निघताना म्हणाला होता. "मला हिचं खरं वाटत नाय."

मग त्या डोळ्यात तेल घालून बघू लागल्या. खाली वैजनाथची मोटारसायकल थांबली की सुनेचं लंगडणं सुरू व्हायचं. एकदा तर ती चुकून डावाच पाय ओढत होती. काम नको म्हणून? पण स्वयंपाक तिनं कधी टाळला नव्हता. माहेरी जायचंय म्हणून? तसंही कधी बोलली नव्हती. मनकर्णाबाईंनी तिचे फोनसुद्धा कान देऊन ऐकले. बोलणं बहिणीशीच असायचं.

त्या वर आल्या तेव्हा नीरजा ड्रमवर झाकण ठेवत होती. सासूला बघताच तिनं भिंतीचा आधार घेतला.

"राहू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बघितलं मी."

नीरजाचा हात भिंतीवरून खाली आला.

"कधीपासून बराय?"

"झाले पंधरा-वीस दिवस. थोडा बधिर आहे अजून, पण चालता येतं."

"मग हे सोंग कशापायी? माझा लेक वाईट वागतो का तुझ्याशी?"

"नाही." ती ओल्या पाइपाची वेटोळी करत राहिली. "यांना सांगू नका, आई."

"का?"

ती खालीच बघत म्हणाली, "डॉक्टरांनी यांना सांगितलंय, पाय नीट झाला की पुन्हा... नवरा-बायकोसारखं राहायला हरकत नाही. रोज आल्या आल्या विचारतात, पाय कसाय. आधी तेव्हाही दुखायचं, आई. पायापेक्षा जास्त. मी तोंडात पदर धरायचे. यांना वाटायचं, मी लाजते."

मनकर्णाबाई मेथी घेऊन खाली बसल्या. पानं खुडता खुडता देठही भांड्यात पडू लागले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"त्याला सांगितलं कधी?"

"एकदा सांगितलं. म्हणाले, सगळ्याच बायकांना असतं थोडं."

नीरजाही समोर बसली आणि देठ वेचून बाजूला काढू लागली.

संध्याकाळी वैजनाथ आला. नीरजा पाय ओढत पाणी घेऊन आली. तो पेल्याकडं न बघता तिच्या पायाकडं बघत राहिला. ती आत गेल्यावर दबक्या आवाजात म्हणाला,

"दिसलं का काही?"

"दिसलं ना."

आतली भांड्यांची खळखळ थांबली.

"जिन्यात बसली होती आज. पायरी उतरवंना तिला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लई दिवस लागतील आजून. नसेचं दुखणं हाय ते, घाई करून चालत नाय."

"पण डॉक्टर तर म्हणाले—"

"डॉक्टरचा पाय हाय का तो?"

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाहेरच्या खोलीतलं आपलं अंथरूण गोळा करून त्यांनी काखेत मारलं आणि नीरजाच्या खोलीकडं वळल्या.

"आजपासून मी निजते तिच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तू इथं दिवाणावर पड."