मुठीतला सुंठवडा

रामजन्म झाला, पाळणा म्हणून झाला, बुवांच्या पायांवर डोकं टेकून झालं, आणि पद्माकर जोगळेकर बिशान भागातल्या मंडळाच्या हॉलमधून उजवी मूठ आवळून बाहेर पडले. मुठीत सुंठवडा होता. तोंडात टाकणार एवढ्यात घराकडची, यिशुनची बस वळणावर दिसली. ही चुकली की उन्हात ताटकळणं आलं. डाव्या हातानं बस थांबवली, कार्ड टेकवलं आणि वर पाहतात तो काय, पुढे घुसून चढलेले निशिकांत मराठे ऐसपैस बसलेले! रामाला पाळण्यात निजवून अर्धा तास झाला नाही, तोच रावण हजर.

दोघांची बिल्डिंग एक, मंडळ एक आणि वैर जुनं. मराठे कीर्तनाला तबला वाजवत. एकदा पद्माकर चारचौघांत बोलून गेले, "मराठे, बुवांचा अभंग संपायच्या आत तुमचा ठेका घरी पोचतो." लोक खो खो हसले. ते हसू मराठ्यांनी मनात धरलं आणि एके दिवशी लिफ्टपाशी पद्माकरांच्या सुनेला गाठलं. "तुमचे सासरे बसमध्ये मोठ्यानं पदं म्हणतात. लोक उठून दुसरीकडे बसतात."

दुर्दैवानं ते खरं होतं. सुनेनं, अश्लेषानं, शांतपणे निकाल दिला, "बाबा, आणखी एक तक्रार आली तर एकट्यानं बसनं जाणं बंद. अभयला वेळ असेल तेव्हा तो सोडेल." मुलाला आणि वेळ! म्हणजे कीर्तन सुटलंच म्हणायचं. आणि कीर्तन सुटल्यावर त्या परक्या मुलखात त्या माणसाचं उरलं काय? सकाळचा चहा आणि बाल्कनी.

"मुठीत काय?" पद्माकर समोरच्या सीटवर बसताच मराठ्यांनी विचारलं.

"तुम्हांला काय करायचंय?"

"सुंठवडा! खा ना, खा." मराठ्यांनी फोन काढून समोर धरला. "बसमध्ये खायला बंदी आहे. अश्लेषाला जरा दाखवू सासऱ्यांचे प्रताप."

"फोन खाली करा."

"मग खिशात घाला."

"प्रसाद खिशात? इतकी वर्षं तबला बडवलात, कानांत काही शिरलं नाही वाटतं?"

"अहो, तुमच्यासारख्यांमुळे आम्हांला मान खाली घालावी लागते. पंचवीस वर्षं झाली आम्हांला इथे!"

"पंचवीस वर्षांत एक ठेका सुधारला नाही."

मराठे लाल झाले. मूठ नीट टिपायला म्हणून फोन रोखून उभेच राहिले. नेमका त्याच वेळी पुढे कुणी सायकलवाला आडवा आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मराठे तोंडावर आपटणार, तोच पद्माकरांचा हात पुढे गेला आणि त्यांनी शर्टाला धरलं. माया बिया काही नव्हती, हात आपसूक गेला. दुसऱ्याच क्षणी त्यांना पस्तावा झाला, कारण मूठ उघडली होती आणि सगळा सुंठवडा मराठ्यांच्या छातीवर सांडला होता.

बस पुन्हा चालू लागली. मराठे सीटवर बसले. शर्ट झटकायला हात उचलला आणि तो तसाच थांबला. झटकला तर प्रसाद पायदळी जाणार! रामनवमीचा, बुवांच्या हातचा! त्यांनी मुकाट्यानं चिमटीत एकेक कण गोळा केला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. परत चिमूट, परत कपाळ, परत तोंड.

"अंकल! नो ईटिंग, लाह!" आरशातून पाहणारा ड्रायव्हर तिथल्या हेलात गरजला. सगळी बस वळून मराठ्यांकडे पाहू लागली.

मराठ्यांच्या जिभेवर सुंठ होती. गिळवेना, थुंकवेना.

पद्माकरांनी सावकाश आपला फोन काढला. "हसा जरा, मराठे. अश्लेषाला दाखवू ना, बसमध्ये कोण खातं ते?"

"जोगळेकर, नीचपणा करू नका."

"तुमच्याकडूनच शिकतोय."

यिशुन आलं. उतरल्यावर मराठे मान न वळवता पुटपुटले, "मी काही पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नाही."

"कबूल. पुढच्या कीर्तनाला याच बसनं येईन."

"या. पण माझ्याशेजारी बसू नका."

"तुमच्या शेजारी? रामा शिवा गोविंदा!"

मराठे तरातरा पुढे गेले. पद्माकरांनी तळहाताकडे पाहिलं. रेषांमध्ये थोडी सुंठ अडकली होती. ती त्यांनी भर रस्त्यात उभं राहून चाटली, आणि पुढ्यातली पाठमोरी चाल पाहून मोठ्यानं म्हणाले, "बघा, चालतानाही ठेका पळतोय!"