तीन मिनिटं दहा सेकंद

"पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं," असं पुटपुटत मावशींनी टेबलावरची घंटी दोनदा वाजवली आणि माइकसमोरच्या मुलाचं तोंड उघडंच राहिलं. महासत्ता नसती तर जगाचं काय झालं असतं, हे तो नेमकं आता सांगणार होता. ते जगाला कळायचं राहून गेलं. खाऊ की गिळू अशा नजरेनं मावशींकडे बघत तो खाली उतरला. मावशींनी कागदावर त्याच्या क्रमांकापुढे 'पाच मिनिटं' असं लिहिलं आणि पुढचा क्रमांक पुकारला.

मावशी या शाळेत शिपाई होत्या. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत वेळ लावायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. चार मिनिटांना एकदा घंटी, पाचला दोनदा. त्यानंतर तोंडातून निघालेला शब्द परीक्षकांनी धरायचा नाही. मागे एकदा त्यांनी खुद्द मुख्याध्यापिकेच्या भाच्याला भर सभागृहात गप्प केलं होतं. तेव्हापासून मुलं त्यांना घड्याळमावशी म्हणायची, आणि हे नाव त्यांना मनातून आवडायचं.

बावीस वर्षांत त्यांनी एकही भाषण ऐकलं नव्हतं. गृहपाठ हवा की नको, मोबाइल शाप की वरदान, त्यांना काय त्याचं! डोळे आकड्यांवर, हात घंटीवर, कान बंद. पण यंदा कान काही केल्या बंद होईनात. यंदाचा विषय होता, 'महासत्तेने जगाचा पोलीस व्हावे का?'

मावशींचा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. त्याचं जहाज एका सामुद्रधुनीच्या तोंडाशी एकोणीस दिवस अडकून पडलं होतं. महासत्तेच्या युद्धनौकांनी तपासणीसाठी जहाजं थांबवली होती, आणि थांबाल तर याद राखा, असं पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक बजावत होते. एकानं पुढे जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्यानं उभं राहू द्यायचं नाही. एकोणीस दिवसांत नवऱ्याचा एक फोन नाही. कंपनीच्या कचेरीत रोज एकच पोरगी एकच वाक्य बोलायची.

"परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे, मॅडम."

"लक्ष आहे ना? मग सांगा की, माणूस जिवंत आहे का!"

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, मॅडम."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भावना समजतात म्हणे! त्या समजून काय लोणचं घालायचंय?

त्यांना सगळ्यात जास्त चीड याची होती की, धड कुणाला शिव्याही देता येत नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी याच नवऱ्याला समुद्री चाच्यांनी डेकवर पालथं झोपवलं होतं. तेव्हा याच महासत्तेचं हेलिकॉप्टर आलं आणि चाचे पळाले. मावशींनी तेव्हा त्या परक्या देशाला मनोमन हात जोडले होते. आता त्याच हातांनी बोटं मोडायची, तर मोडवत नव्हती. वाचवलं तेव्हाही कुणी विचारलं नाही, अडवलं तेव्हाही कुणी विचारलं नाही. आणि इथे ही मिसरूड न फुटलेली पोरं पाच मिनिटांत निकाल लावायला निघालेली!

सकाळी आणखी एक घोळ झाला होता. शाळेचं स्टॉपवॉच ऐन वेळी बंद पडलं. संयोजक सर घायकुतीला आले.

"मावशी, तुमच्या मोबाइलवर वेळ लावा. आणि तो फ्लाइट मोडवर टाका हं. मध्येच वाजला तर शोभा होईल."

"टाकते, सर," मावशी म्हणाल्या आणि टाकला नाही. नोकरीत त्या सरांशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या.

पाच क्रमांकाच्या मुलानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "शांततेसाठी थोडंफार नुकसान जगानं सोसलंच पाहिजे!" टाळ्या पडल्या. मावशींच्या मनात आलं, बाळा, तुझा डबा घरी राहिला तर तुझी आई रिक्षा करून शाळेत येते, आणि तू जगाला सोसायला सांगतोस? सहा क्रमांकाचा मुलगा विरुद्ध बाजूचा. तो म्हणाला, महासत्तेनं आपलं चंबूगबाळं आवरून घरी जावं, समुद्र आपोआप शांत होईल. त्यालाही टाळ्या पडल्या. आपोआप! याला एकदा त्या डेकवर पालथं झोपवायला हवं, असं वाटून मावशींनी त्याची घंटी जरा जोरातच वाजवली. वाजवली मात्र अगदी वेळेवर.

मग सात क्रमांकाची मुलगी आली. दोन वेण्या, हातात लहान कार्डं. तिची विरुद्ध बाजू होती. आवाज चढवत नव्हती, म्हणून ऐकावंसं वाटत होतं.

"पोलीस चुकला तर त्याला जाब विचारता येतो," ती म्हणाली. "जगाच्या पोलिसाला कोण विचारणार? काल संध्याकाळी त्या सामुद्रधुनीत एका मालवाहू जहाजाला आग लागली. आज सकाळच्या बातमीत जहाजात किती टन माल होता ते आहे. माणसं किती होती, ते नाही."

मावशींना ही बातमी माहीत नव्हती. सकाळी सातपासून त्या सभागृहात खुर्च्या लावत होत्या. कुठलं जहाज, ते मुलगी सांगेल म्हणून त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात हातातला फोन वाजला. परदेशी नंबर.

सभागृहातल्या दोनशे माना वळल्या. मुलगी थांबली. मावशींनी पडद्यावरचे आकडे पाहिले, पेन उचललं, सात क्रमांकापुढे काहीतरी लिहिलं आणि मगच फोन कानाला लावला.

"अहो?"

"हॅलो, ऐकू येतंय का?" आवाज लांबचा होता, पण त्याचाच होता. "कप्तानाचा फोन आहे, प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळालीयत. तू जेवलीस का?"

"जेवण घाला चुलीत! आग कुठे लागली?"

"शेजारच्या जहाजाला. आपलं ठीक आहे. पण गोळा लागल्याचा आवाज असा आला ना..."

"कधी येताय ते सांगा."

"सकाळी त्या युद्धनौकेनं बोट पाठवली होती. म्हणाले, ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा. नऊ जण गेले."

"आणि तुम्ही?"

"अगं, अकरा जण मागे राहिलेत. जहाज सोडून कसं जाणार? त्यांना जेवायला कोण घालणार?"

"का? त्यांना हात नाहीत?" मावशींचा आवाज सभागृहात घुमला. माइकची गरज नव्हती.

"आहेत गं. पण एकाला धड अंडं उकडता येत नाही. उपाशी मरतील."

"मरू देत! नाही, तसं नाही... अहो, पण ती बोट परत बोलवा ना. सांगा, मला यायचंय म्हणून."

"ती गेली. युद्धनौकाच गेली. तिला दुसरीकडे काही काम निघालं म्हणे."

"परत येईल ना?"

"ते आपल्याला कोण सांगतंय? बरं ऐक, तू..."

फोन बंद झाला. मावशींनी तोच नंबर लगेच फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. लागला नाही.

संयोजक सर टेबलाजवळ आले. त्यांना रागवायचं होतं, पण कसं ते कळत नव्हतं.

"मावशी, फोन बंद ठेवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, सर. मी ऐकलं नाही."

"अहो, पण आता हिची वेळ कशी धरायची? पाच मिनिटं तर कधीच होऊन गेली. तो विरुद्ध शाळेचा शिक्षक उद्या माझ्या नावानं पत्र लिहील."

मावशींनी कागद परीक्षकांपुढे सरकवला. सात क्रमांकापुढे स्वच्छ अक्षरात 'तीन मिनिटं दहा सेकंद' असं लिहिलेलं होतं.

"फोन वाजला तेव्हा एवढे झाले होते. हिची एक मिनिट पन्नास सेकंद बाकी आहेत. ती तिला मिळायला हवीत."

परीक्षकांनी कागद वाचला, मावशींकडे पाहिलं आणि मान हलवली. सर जागेवर जाऊन बसले.

मुलगी तिथेच उभी होती. हातातली कार्डं खालीवर झाली होती. "मावशी," ती माइकपासून तोंड बाजूला करून हळूच म्हणाली, "ते येणार नाहीत का?"

"तू तुझं बोल, बाळ," मावशी म्हणाल्या. "वेळ सुरू झालीय."

मुलीनं घसा साफ केला आणि राहिलेलं वाक्य धरलं. मावशींच्या एका हातात फोन होता, दुसरा घंटीवर. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच वाहू दिले. पन्नास सेकंद झाले तेव्हा त्यांनी बरोबर एकदा घंटी वाजवली.