फोरमनच्या डब्यातलं मीठ

मी एका माणसाचा पारा छतापर्यंत उडवला, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. परवा दवाखान्याच्या बाकावर सांगत होतो तेव्हा रांगेतल्या एका ड्रायव्हरचाही बसला नव्हता. पण रक्तदाब मोजायची रांग लांब होती, त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेजारी आमची मंडळी विणकाम घेऊन गप्प बसली होती. तिचं गप्प बसणं मला आधीच कळायला हवं होतं.

मी चादरी धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. वाफेचा दाब लाल रेघेच्या आत ठेवायचा, हे माझं काम. हेडची जागा रिकामी झाली तेव्हा हक्क माझा होता. फोरमनने ती आपल्या मेव्हण्याला दिली. भट्टीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हेसुद्धा त्या मेव्हण्याला मीच शिकवलेलं! जाब विचारला, तर फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, "तू काटा बघत बस. त्यापलीकडे तुला अक्कल नाही."

बरं बाबा, म्हटलं. काटाच बघतो. तुझा.

आमच्याकडे रीत अशी, की सगळ्यांचे जेवणाचे डबे सकाळीच बॉयलरच्या माथ्यावर उबेला ठेवायचे. राखणीला मी. मांजराच्या गळ्यात शिंक्याची किल्ली! मिठाने रक्तदाब चढतो, हे मी याच दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून फोरमनच्या डब्यात रोज चमचाभर मीठ.

"आणि तो खायचा?" ड्रायव्हरने विचारलं.

"मिटक्या मारत!"

मग मी वाट बघत बसलो. बॉयलरचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारतो, सगळा कारखाना दणाणतो. माणसाचंही तसंच असणार. डोकं ठणकेल, डोळे तांबारतील, काहीतरी वाजेल. दोन वर्षं कान लावून होतो. हा आपला गाणं गुणगुणत जिने चढतोय! मला वाटलं, मेल्याचा व्हॉल्व्हच अडकलाय.

शेवटी कारखान्यात तपासणीला डॉक्टर आले. त्यांनाच विचारलं. ते हसले. "यात शिट्टी नसते, म्हणून तर मोजावं लागतं. दाब वाढलेला माणूस म्हणतो, मला काही होत नाही. तोवर आत रक्ताच्या नळ्या कडक होतात, हृदय ओढून ओढून थकतं, मूत्रपिंडं झिजतात. आणि एक दिवस मेंदूतली एखादी बारीक नळी फुटते."

काय सांगू, कानात कोणी मध ओतावा तसं वाटलं!

फोरमन खुर्चीवर बसला. दंडाला पट्टा बांधला. पारा चढला. एकशे ऐंशी, दोनशे वीस, दोनशे ऐंशी... आकडे संपले, पारा थांबेना. फाट्कन काच फुटली, चांदीचा गोळा वर गेला आणि पंख्याला जाऊन चिकटला, तो अजून तिथेच आहे. फोरमनचं तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. मी पुढे झालो, त्याच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "काय फोरमनसाहेब, काटा बघितलात?"

ड्रायव्हरने कानाला हात लावले. तेवढ्यात आमचा नंबर आला.

"काका, डावा हात द्या," नर्सबाई म्हणाल्या.

मी उजवा दिला.

"डावा हो काका."

"यांचा डावा उचलत नाही, बाई," आमची मंडळी म्हणाली. सुया थांबल्या होत्या. "त्या दिवशी पट्टा यांच्याच दंडाला होता. फोरमनला पहिल्याच घासाला मीठ कळलं. तेव्हापासून रोज डबा यांच्यापुढे सरकवायचा, 'हेडची जागा नाही देता आली, जेवण तरी माझं घे.' आता हे कुठल्या तोंडाने 'नाही' म्हणणार? मीठ थांबवलं, तर चोरी कबूल केल्यासारखंच! दोन वर्षं यांनीच चाटूनपुसून खाल्लं. इस्पितळात फळं घेऊन आला होता ना, तेव्हा त्यानेच सांगितलं मला. आज सकाळीसुद्धा आमच्या दारावरून पळत गेला मेला. दोन्ही हात हलवत!"