डाव्या हाताचं काम

शंकररावांचा उजवा हात म्हणजे निव्वळ लोणी. तीस वर्षं गायन पार्टीत पेटी वाजवलेला माणूस. अंबरनाथच्या त्यांच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम त्यांच्याशिवाय उभाच राहायचा नाही. पण डावा हात? त्या बिचाऱ्याला जन्मात एकच काम ठाऊक, भाता मारायचं. आणि त्या भात्याला दुसऱ्याचा हात लागला की शंकरराव अंगावर धावून जायचे. लग्न नवीन असताना त्यांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, एकदा हौसेने भाता हलवून पाहिला होता. "फाडशील! सोड आधी!" असे काही ओरडले, की त्या माउलीने पुन्हा पेटीवरची धूळसुद्धा पुसली नाही.

पंच्याण्णव साली त्यांच्या मुलाने, शशिकांतने, जवळच्या कॅम्प दोनच्या मार्केटमधून मितूसाठी कॅसिओ आणला, विजेवर नाहीतर सेलवर वाजणारा छोटा पियानो. मितू म्हणजे त्याची मुलगी, दुसरीतली. सोबत एक पुस्तकही मिळालं, नव्याने पियानो शिकणाऱ्यांसाठी कार्टून पिक्चरची सोपी गाणी. त्यात मितूच्या लाडक्या बदकाच्या पिल्लाची चाल होती. शेजारी व्हिडिओवर तो पिक्चर तिने सात वेळा पाहिलेला. पण तिने तीन दिवस टिंगटिंग केलं आणि दिलं सोडून. वर शाळेत जाऊन काय सांगितलं असेल? "माझे आजोबा पियानो वाजवतात!"

झालं! बाई म्हणाल्या, मग गॅदरिंगला त्याच चालीवर बदकांचा नाच बसवू या. पहिलं बदक मितू.

आता नातीचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? दुकानदाराने स्वरांची नावं समजावली होती, तेवढ्यावर शंकररावांनी पुस्तकातल्या स्वरांच्या टिकल्यांखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहून काढलं. उजव्या हाताने चाल अर्ध्या तासात उचलली. डाव्याला मात्र पुस्तकात दोनच स्वर दिले होते, आळीपाळीने, बदकाच्या पावलांसारखे. दोनच! पण गाणं सुरू झालं की डावा हात आपला निघाला कॅसिओच्या मागे, हवेत भाता मारायला. तिथे त्याला सापडायची वायर. एक झटका, आणि कॅसिओ मुका.

"ओढलीत ना पुन्हा?" सुंदराबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "पेटीवाल्याला कुठून सुचला पियानो!"

"तू भाकऱ्या बघ."

पण मनातून ते घाबरले होते. चारचौघांत हात चुकला तर मितूला पोरं चिडवतील, खोटारडी म्हणतील. ती कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. दोन महिने ते रोज चहा झाला की बसले. डावा हात मांडीखाली दाबला, मग सोडला, मग एकेक स्वर. शेवटी हात आला वळणावर.

गॅदरिंगच्या दुपारी हॉल गच्च भरला. पिवळ्या चोची लावलेली आठ बदकं रांगेत उभी राहिली. शंकररावांनी दोन्ही हात ठेवले, चाल सुरू केली, मितूने पहिलं पाऊल टाकलं आणि आवाज बंद.

"ओढली वायर!" पहिल्या रांगेतून सुंदराबाई किंचाळल्या.

पण वायर जागेवरच होती. पंखेही थांबले होते. लाईट गेली होती. आणि कॅसिओतले सेल शंकररावांनीच टॉर्चला काढून घेतले होते. मितूची चोच थरथरायला लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

"शशिकांत, पळ! पेटी आण!" शंकरराव ओरडले.

घर शाळेच्या मागेच. पाच मिनिटांत पेटी आली. शंकररावांनी ती उघडली, आणि उजवा हात पट्ट्यांवर ठेवून थबकले. डावा हात भात्याला दिला तर बदकाची पावलं कोण वाजवणार? पोरांनी नाच बसवला होता तो त्या पावलांवर. नुसती चाल ऐकून सगळी गडबडली असती.

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"अगं, इकडे ये. भाता धर."

"मी?" सुंदराबाई जागच्या हलेनात. "फाटला तर?"

"फाटू दे. ये लवकर, पोर रडेल."

त्या पेटीच्या पलीकडे बसल्या. पदर खोचला, बिचकत हात लावला. पहिला सूर कण्हत निघाला. "सावकाश," शंकरराव हळूच म्हणाले, "पाळणा हलवतेस तसा." मग सूर भरला. उजव्या हाताने चाल धरली, डाव्याने पावलं, आणि आठही बदकं डुलत निघाली. मितू नाचता नाचता आजीकडे बघून हसत होती. आजीचं लक्षच नव्हतं. भाता मारताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लाईट होती, कॅसिओही धड होता. शंकररावांनी चहा संपवला, पेटी काढली आणि भात्याची बाजू चुलीकडे करून ठेवली.

"भाकऱ्या झाल्या की ये," ते म्हणाले. "दुसरं गाणं काढलंय."